कपाटातली दया : जॉन लेनन यांच्या हद्दपारीच्या खटल्याचा विसरलेला वारसा

१/ जॉन लेनन यांचा अमेरिकेतील खटला बहुधा ‘गायक विरुद्ध राष्ट्राध्यक्ष निक्सन’ अशा रंगतदार रूपात सांगितला जातो. ती कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. या लढ्याने इतिहासाला दिलेली मोठी देणगी म्हणजे सरकारी कपाटातून बाहेर आलेला एक नियम.

२/ १९६८ मध्ये लंडनच्या न्यायालयात लेनन यांनी चरस बाळगल्याचा गुन्हा कबूल केला; दंड झाला १५० पौंड. १९७१ मध्ये ते आणि योको ओनो न्यूयॉर्कला आले. लेनन व्हिएतनाम युद्धाचे उघड विरोधक होते, आणि १९७२ च्या निवडणुकीत अठरा वर्षांचे तरुण प्रथमच राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करणार होते.

३/ फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी लेनन यांना देशाबाहेर काढण्याची सूचना करणारे टिपण पाठवले. पुढच्याच महिन्यात हद्दपारीची कारवाई सुरू झाली. कारण मात्र दाखवले गेले ते लंडनच्या जुन्या दंडाचे.

४/ मार्च १९७३ मध्ये निकाल लागला : ओनो यांना कायम वास्तव्याची परवानगी, लेनन यांना ६० दिवसांत देश सोडण्याचा आदेश. एकाच घराच्या उंबरठ्यावर कायद्याने रेघ ओढली.

५/ त्यांचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी येथे वेगळी वाट धरली. वृद्धत्व, कोवळे वय, गंभीर आजार, प्रदीर्घ वास्तव्य किंवा कुटुंबाची ताटातूट अशा कारणांसाठी इमिग्रेशन खाते काही जणांची हद्दपारी थांबवून ठेवत असे. या सवलतीचे नाव होते ‘नॉनप्रायॉरिटी’. तिचे निकष मात्र खात्यांतर्गत सूचनांत बंदिस्त होते. ज्याला ती हवी, त्याला ती मागता येते हेच ठाऊक नव्हते.

६/ वाइल्ड्स यांनी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेतला आणि न्यायालयाचे दार ठोठावले. अखेर १,८४३ प्रकरणांची माहिती हाती आली. लेनन यांच्यावरील ठपक्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हे नावावर असलेल्यांनाही ही सवलत मिळाली होती.

७/ ७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने हद्दपारीचा आदेश रद्द केला. निकालाचा मुख्य आधार ब्रिटिश कायद्यातील त्रुटी हा होता : पदार्थ जवळ असल्याची जाणीव नसतानाही त्या कायद्याने माणूस दोषी ठरू शकत असे. तरीही गुप्त राजकीय हेतूने निवडून केलेली हद्दपारी खपवून घेतली जाणार नाही, हेही न्यायमूर्ती कॉफमन यांनी बजावले. २७ जुलै १९७६ रोजी लेनन यांना ग्रीन कार्ड मिळाले.

८/ यावर एक आक्षेप रास्त आहे : प्रसिद्धी आणि निष्णात वकील लाभलेला माणूस जिंकला, त्यात सामान्यांचे काय? उत्तर त्या फायलींत आहे. निकष उघड झाल्यावर कोणत्याही वकिलाला आपल्या अनाम अशिलासाठी त्यांवर बोट ठेवता येऊ लागले. पुढे हीच प्रथा ‘डिफर्ड अ‍ॅक्शन’ या नावाने रूढ झाली. बालपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या तरुणांसाठी १५ जून २०१२ रोजी जाहीर झालेली ‘डाका’ योजना याच परंपरेतली.

९/ ही सवलत आजही हक्क नव्हे. ती अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे. एक सरकार देते, दुसरे काढून घेऊ पाहते. ‘डाका’ रद्द करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला तोही कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर, योजना कायमची सुरक्षित करून नव्हे.

१०/ म्हणून या खटल्याचा धडा ‘कलावंतापुढे सत्ता झुकली’ एवढाच नाही. गुप्त ठेवलेली दया ही मर्जी असते, आणि मर्जी ओळखीपाळखीच्या माणसापर्यंतच पोहोचते. निकष कागदावर येऊन सर्वांना वाचता आले, तरच परक्या देशात उभा असलेला निनावी माणूस मान वर करून विचारू शकतो : त्याला मिळाले, मग मला का नाही?