मोळी टाकण्याआधी ड्रम उघडा



हंगाम जवळ आला की आपण उसाच्या नोंदी, तोडणीचा क्रम आणि भावाचा आकडा यांवर बोलतो. तो ऊस ज्या गाड्यांतून गव्हाणीपर्यंत येतो, त्यांच्या ब्रेकविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. या अंकात मला जागा मिळाली आहे ती मी त्याच कामी लावतो. विषय रुक्ष वाटेल, पण वाचा.

गाळप संपले की ट्रक, जुनी जीप, ट्रेलर आपण गोठ्यामागे लावून मोकळे होतो. घरंगळू नये म्हणून हँडब्रेक ओढून ठेवतो. वर चार महिने पाऊस. ब्रेकचा ड्रम बिडाचा, आतल्या शूवरचे लायनर त्याला घट्ट टेकलेले. मध्ये ओल शिरते, बीड गंजते आणि लायनर धरून बसतो. दसऱ्याला गाडी काढायला जावे तर चाक फिरत नाही, नुसते फरफटते. मग कोणीतरी घण आणतो.

माझ्याकडेही घणच आला होता. बरीच वर्षे झाली. मिस्त्रीने पाच-सात घाव घातले आणि ड्रमची कड तुटली. त्या जुन्या गाडीचा ड्रम लगेच मिळेना, तोडणीची पाळी तर दारात. मिस्त्री म्हणाला, "एवढं चाक बंद करून टाकू. बाकीच्या तिन्हीला ब्रेक हाय की." त्याने नळी बंद केली. मी हो म्हटले, हे कबूल करतो. माघात भरल्या गाडीने ओढ्याचा उतार उतरताना ब्रेक दाबला, तशी गाडी एका अंगाला ओढली गेली. पुढे उसाचीच बैलगाडी होती. गाडीवान उडी मारून वाचला. त्याचा एक बैल पुन्हा जुवाखाली उभा राहिला नाही. पैसे मी भरून दिले, पण तो माणूस मला एक शब्द बोलला नाही हे अजून टोचते.

पुढे एकदा पाहुण्यांकडे डहाणू तालुक्यात गंजाडला गेलो होतो. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे नावाजलेले हे गाव. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पावसाची वाट बघावी लागते, तिकडे तो कोसळतो आणि हवा बाराही महिने दमट. पाहुण्यांची जुनी जीप आंब्याखाली पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी होती. मागची दोन्ही चाके गच्च. मी सवयीने घण मागितला, तर तिथला म्हातारा मिस्त्री म्हणाला, "काका, ठेवा तो बाजूला. आधी त्यानं कशानं धरलंय ते बघू."

पुढे त्याने जे केले ते मी तेव्हापासून दरसाल करतो. आधी पुढच्या चाकांना उटी लावली. जॅकवर भरवसा न ठेवता ॲक्सलखाली ओंडके दिले. मग हँडब्रेकची केबल सैल केली आणि ॲडजस्टर मागे फिरवले. इथेच आपण चुकतो. वर्षानुवर्षे घासून ड्रमला आत खाच पडते आणि तोंडाशी कड राहते. शू त्या कडेमागे अडकलेले असतात. ते आत ओढून घेतल्याशिवाय किती ठोकले तरी ड्रम येणार कसा? एका चाकाचा निपल त्याने सैल केला, तर ऑइल जोराने उडाले. रबरी नळी आतून सुजून दाब अडकला होता, गंजाचे निमित्त निम्मेच. मग हबच्या कडेला आणि बोल्टांच्या बुडाशी थेंब थेंब डिझेल सोडले आणि म्हणाला, उद्या या. सकाळी लाकडाचा ठोकळा धरून ड्रमच्या कडेने गोल गोल हलके ठोकत गेला, एकाच जागी नाही. काही ड्रमना आट्यांची दोन भोके असतात, त्यांत बोल्ट थोडे थोडे सारखे आवळले की ड्रम आपसूक पुढे सरकतो. त्या जीपच्या ॲक्सलचे टोक निमुळते होते, म्हणून पुलर लावावाच लागला. नट मात्र त्याने पुरता काढला नाही, दोन आट्यांवर ठेवला. ड्रम सुटतो तेव्हा गोळीसारखा अंगावर येतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, तोंडाने तर नकोच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते फुप्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसा. डिझेल लागलेला लायनर वापरू नका, पकडत नाही. सिलिंडरचे रबर रॉकेलने धुऊ नका, फुगते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि सिलिंडर आतून गंजतो, म्हणून तेही ठराविक मुदतीने बदलावे. आणि गाडी पावसाळ्यात उभी करताना हँडब्रेक सोडून ठेवा. चाकाला उटी लावा, गिअरमध्ये ठेवा.

कोणी म्हणेल, वाहतूकदाराच्या गाडीचे तो बघेल, सभासदाचा काय संबंध? संबंध असा की त्या गाडीत ऊस आपला असतो आणि रस्त्याने शाळेला जाणारी पोरेही आपलीच. पकडलेला ड्रम सोडवायला दोन दिवस लागतात. ते नकोत म्हणून शू काढून ठेवतात आणि गाडी तशीच हंगामाला लावतात. ट्रेलरचे तर बोलायलाच नको. ट्रॅक्टरमागे दोन भरलेले ट्रेलर, दोघांनाही ब्रेक नाही, उतारावर ते ट्रॅक्टरला ढकलत नेतात. हे सगळे आपण वजनकाट्यावर रोज बघतो आणि फक्त वजन बघतो.

करार करताना कारखाना वाहतूकदाराचे कागद तपासतो, जामीन तपासतो आणि उचल देतो. माझे म्हणणे एवढेच की उचलीचा शेवटचा हप्ता गाडीचे ड्रम उघडून दाखवल्यावर द्यावा. कारखान्याच्या गॅरेजात ऑफ-सीझनला कामगार आहेत, पुलर आहे, जॅक आहे. सभासदाच्या स्वतःच्या गाडीलाही हाच नियम लावावा, माझ्या गाडीपासून सुरुवात करावी. गाडी नापास झाली तर तोडणीची पाळी पुढे ढकलावी, रद्द करू नये. नाहीतर माणसे लपवाछपवी करतील.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी या अर्थाचा ठराव मी लेखी देत आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक पाहिजे. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेच्या आधी गट ऑफिसात नाव द्यावे.

— एक ऊस उत्पादक सभासद