फुलं मी खुडली, फोटोत मात्र नाही

मे २०२०. टाळेबंदी लागून दोन महिने होत आले होते. लोकल बंद, दादरहून फुलं आणायची सोय नाही. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये एका मुलीचं डोहाळजेवण होतं. वाडी भरायची कशाने? मीच पिशवी घेऊन गच्ची आणि कंपाउंड पालथं घातलं. कुंड्यांमधला मोगरा, भिंतीकडेची सदाफुली, जास्वंद, आंब्याची कोवळी पानं. दुपारभर बसून मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा गुंफला. पोर खरंच सुरेख दिसत होती.

सगळी तयारी झाल्यावर तिची सासू अगदी प्रेमाने म्हणाली, "ताई, फोटो तुम्ही काढा ना. तुमचा हात स्थिर आहे."

माझा हात स्थिर आहे हे खरं. पण मी विधवा आहे, हे जास्त खरं होतं.

त्या फोटोत आणखी एक बाई नाही. मुलीची नणंद. तिला कावळा शिवला होता. वन-रूम-किचनमध्ये बाजूला बसायला जागा कुठली? तिला गॅलरीत बसवलं होतं आणि तुळशीची कुंडी तेवढी तिच्यापासून लांब सरकवली होती. सगळा देश घरात कोंडलेला, आणि त्या घरात तिच्यासाठी आणखी एक कोंडवाडा!

फोटो नातेवाइकांत फिरला. 'घरातल्या घरात किती छान!' असं कौतुक झालं. त्या महिन्यांत ठाण्या-कल्याणच्या मैत्रिणींनीही मला पानाफुलांनी सजलेल्या लेकीसुनांचे असेच फोटो पाठवले. मीही कौतुक केलं. पण मैत्रिणींनो, त्या फोटोंतल्या फुलांचा हिशेब एकदा मांडून बघू या. पोटुशी असलीस तर डोक्यापासून कमरेपर्यंत फुलं. पाळी आली तर फुलाला हात लावू नकोस, तुळस कोमेजेल. नवरा मेला तर गजरा उतरव. झाड तेच, फूल तेच. ते कुणाच्या वाट्याला यायचं हे आपल्या गर्भाशयावरून आणि नवऱ्याच्या श्वासावरून ठरतं. म्हणजे सत्कार बाईचा नसतोच, तिच्या कुशीचा असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "हौस आहे हो, त्यात कसला अन्याय शोधता?" हौसेला माझी ना नाही. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. बाळंतपणासाठी कुठलं हॉस्पिटल दारात घेईल या धास्तीत ती दिवस काढत होती, तिला ती दुपार हवीच होती. पण जी हौस पुरवताना दोन बायकांना चौकटीबाहेर उभं करावं लागतं, ती नुसती हौस राहत नाही. तो नियम होतो. आणि तो गोड बोलून पाळला जातो म्हणून भांडायलाही जागा उरत नाही.

त्यानंतर कोरोनाने कितीतरी तरुण बायकांचे नवरे नेले. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण आम्ही राहतो महापालिकेच्या हद्दीत. आम्हाला वाटतं, हे सगळं खेड्यातल्या बायकांसाठी, आपण तर सुधारलेल्या! आमच्या जिन्यात बांगड्या कुणी फोडत नाही. इथे फक्त हातात मोबाइल देतात.

आणि मी काय केलं? फोटो काढला. तीन-चार काढले, चांगला निवडून पाठवला. वीस वर्षं बैठकांत बोलणारी मी त्या दिवशी गप्प बसले. नणंदेला "ये गं, तूही उभी राहा" एवढंसुद्धा म्हटलं नाही. हा माझा वाटा मी लपवणार नाही.

म्हणून आता माझं म्हणणं साधं आहे. आपापल्या गटांत अशा फोटोंची एक दुपार ठेवू या. विधवा, परित्यक्ता, एकट्या, मूल नसलेल्या, पाळीतल्या, पोटुश्या, सगळ्यांनी यावं. जिने तिने आपल्या हातांनी पानंफुलं खुडून आणावीत आणि माळून बसावं. कॅमेरा आळीपाळीने फिरवावा. कायम बाहेर उभं राहून फोटो काढण्याची पाळी कुणा एकीवर येता कामा नये.