समाजसेवा ही निवृत्तीनंतरची गोष्ट नव्हे



बारावीचा निकाल लागला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पालकांची गर्दी होते. प्रश्न ठरलेलेच असतात. कोटाला पाठवावे की इंदूरलाच ठेवावे? इंजिनिअरिंग नाही जमले तर सी.ए. कसे राहील? या वर्षी मात्र एक वेगळा प्रश्न आला. गणितात वर्गात पहिली येणारी आपली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मला समाजकार्याचे शिक्षण घ्यायचे आहे. पुढे सामाजिक योजनांचा अभ्यास आणि मूल्यमापन, या कामात जायचे आहे." तिचे वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "सर, आता तुम्हीच समजवा हिला. समाजसेवा तर लोक रिटायर झाल्यावर करतात."

त्या दिवशी मी त्यांना काय सांगितले ते येथे लिहितो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भाषेत कुठे हिंदीची छटा आली तर सांभाळून घ्यावे.

प्रथम माझीच चूक सांगतो. आपल्या शाळेतर्फे जवळच्या वस्तीतील मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. कित्येक वर्षे स्नेहसंमेलनात मी मोठ्या अभिमानाने त्याचा अहवाल वाचला. इतकी मुले आली, इतक्या वह्या वाटल्या, इतक्या देणग्या मिळाल्या. टाळ्याही मिळाल्या. मग एकदा समाजकार्य शिकणारी आपलीच एक माजी विद्यार्थिनी आली. तिने एकही भाषण केले नाही. ती प्रत्येक मुलाजवळ बसली, दुसरीच्या पुस्तकातील एक परिच्छेद पुढे ठेवला आणि म्हणाली, "वाच बरं." चौथी-पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तो वाचता आला नाही. ही मुले दोन-दोन वर्षे आपल्या वर्गात नियमाने येत होती. हजेरीपट भरलेला होता, पण मुले वाचत नव्हती.

मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. पण तिचे म्हणणे खरे होते. आपण काय दिले हे मी मोजत होतो. मुलांना काय मिळाले हे मोजायला हवे होते. त्यानंतर आम्ही मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता वाचनाच्या पातळीप्रमाणे केले. शिकवणाऱ्या ताईंना तसे प्रशिक्षण दिले. वर्ग तोच राहिला, खर्चही फारसा वाढला नाही, पण मुले वाचू लागली.

सामाजिक क्षेत्रातील संशोधन, मूल्यमापन आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण म्हणतात ते हेच. हे तीन व्यवसाय वेगळे दिसले तरी काम एकच आहे. अडचण नेमकी कुठे आहे ते शोधणे, उपाय लागू पडला की नाही ते तपासणे, आणि जी माणसे हे काम घरोघरी जाऊन करतात त्यांना शिकवून तयार करणे.

देशपातळीवर असेच काम २००५ पासून 'असर' या पाहणीने केले. हिंदीत असर म्हणजे परिणाम. नावातच सगळे आले. खेडोपाडी घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना तो वाचता येत नाही, असे अनेक वर्षांच्या पाहण्यांत दिसले. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, हा आपल्या सगळ्यांचा समज त्यामुळे मोडला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळे घरीच दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे मोजले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम सोपवण्यात आले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात, त्यामागे हा अभ्यास आहे. नुसती सेवा केली असती तर ३९ गावांचे भले झाले असते. मोजमाप ठेवले म्हणून ती पद्धत देशभर जाऊ शकली.

आता पालकांचा खरा प्रश्न, नोकरीचा. आपल्या देशात योजनांचे मूल्यमापन करणारी सरकारी यंत्रणा १९५२ पासून आहे. आज ते काम नीती आयोगाचे एक स्वतंत्र कार्यालय पाहते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी बंधनकारक झाला. २०२१ पासून अशा मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घेण्याचा नियम आला. शिवाय आरोग्य, शिक्षण, महिला बचत गट यांत काम करणाऱ्या संस्थांना आकडे समजणारी आणि माणसे समजणारी, अशी दोन्ही गुणांची माणसे हवी असतात.

शिक्षणाची सोयही दूर नाही. देशातील समाजकार्याची पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था मुंबईत १९३६ मध्ये निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आपल्या इंदूरमध्येही १९५१ पासून समाजकार्याचे महाविद्यालय आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते. पदवीला समाजकार्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्र, आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. किंवा तत्सम शिक्षण. गणिताची भीती नसलेल्या मुलांना येथे चांगली संधी आहे. आपल्या मुलांजवळ आणखी एक भांडवल आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि माळवी, शाळेत इंग्रजी. खेड्यात ओट्यावर बसून आजीबाईंशी बोलायचे आणि रात्री अहवाल इंग्रजीत लिहायचा, हे ज्याला जमते तोच या कामात टिकतो.

गोडच तेवढे सांगणार नाही. पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. दोन-तीन वर्षांनी प्रकल्प संपला की नवे काम शोधावे लागते. सुरुवातीचा पगार इंजिनिअरच्या बरोबरीचा असेलच असे नाही. धुळीत, उन्हात हिंडावे लागते. आणि सर्वात कठीण म्हणजे, ज्यांनी आपल्याला बोलावले त्यांनाच "तुमच्या कामाचा उपयोग झाला नाही" असे नम्रपणे सांगावे लागते. मला ते ऐकणे किती जड गेले, हे मी वर लिहिलेच आहे.

पण म्हणूनच येथे हुशार मुले हवीत. पुलाचा हिशेब चुकू नये म्हणून आपण सर्वात हुशार मुलाला इंजिनिअर करतो. मग लाखो मुलांच्या जेवणाच्या, औषधाच्या, शिक्षणाच्या योजनेचा हिशेब कोणी पाहायचा? ज्याला दुसरे काही जमले नाही त्याने?

मी त्या वडिलांना एवढेच म्हटले, "तुमची मुलगी सेवा करायला निघालेली नाही, ती एक अवघड विद्या शिकायला निघाली आहे. एकदा तिच्याबरोबर ते महाविद्यालय पाहून या." ते जाऊन आले. अजून पूर्ण राजी नाहीत, पण अर्ज त्यांनीच भरून दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववी ते अकरावीच्या मुलांना घेऊन आम्ही अभ्यासवर्गाची पुन्हा तपासणी करणार आहोत. जो निकाल येईल तो, चांगला असो वा वाईट, याच पानावर छापू. ज्या पालकांना मुलांबरोबर यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

आपला,
प्राचार्य