मातीचा रकाना

मागील लेखात आपण घसाऱ्याचा विचार केला होता. यंत्र झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करावा लागतो. तसे न करणारा व्यापारी आपले भांडवलच नफा समजून खर्च करीत असतो. हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हतीच. परंतु त्या लेखानंतर एका वाचकांनी विचारले, देशाच्या हिशेबात घसारा धरतात काय?

धरतात, परंतु अपुरा. कसा, ते सांगण्यापूर्वी माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच आहे.

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका वीटभट्टी-मालकांचे कर्जखाते आमच्याकडे होते. गृहस्थ सचोटीचे, हप्ता कधी चुकला नाही. कोळसा, बगॅस, मजुरांची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे, एवढेच काय, साच्यांचा घसारासुद्धा त्यांच्या हिशेबात चोख मांडलेला असे. मातीच्या नावावर मात्र सरकारात भरलेल्या स्वामित्वधनाखेरीज एक रुपयाही नसे, कारण माती त्यांच्याच मळ्यातली. तीन वर्षे नफा चढता राहिला आणि तीन वर्षे मी कर्जाची मर्यादा वाढवून दिली. चौथ्या वर्षी स्वतः पाहणीस गेलो, तेव्हा बांधावर उभे राहून मळा खाली वाकून पाहावा लागला. दीड एकर गाळाची कसदार जमीन पाच फूट खोल गेली होती आणि तळाला मुरूम लागला होता. तोच मळा आमच्याकडे तारण होता! नफा म्हणून ते जे दाखवीत, त्यातला मोठा हिस्सा म्हणजे आमचे तारणच होते. भाजून, विटा करून विकलेले. त्यांनी काही लपविले होते असे नाही. हिशेबाच्या नमुन्यातच मातीला रकाना नव्हता.

राष्ट्राचा हिशेब आजवर याच नमुन्यावर चालत आला आहे. स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हणजे वर्षभरात देशात निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य. त्यातून यंत्रे, इमारती, रस्ते यांची झीज वजा केली की निव्वळ उत्पादन मिळते. परंतु खाणीतून निघून गेलेले खनिज, तोडलेले जंगल, उपसलेले भूजल, वाहून गेलेली माती यांची वजावट त्या निव्वळ आकड्यातही होत नसे. दुष्काळात गावाला टँकर लागला, तर टँकरची फेरी उत्पन्नात धरली जाते. विहिरी आटल्या, ही गोष्ट त्या आकड्यात कोठेच येत नाही.

ही वजावट केली तर किती फरक पडतो? वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट रेपेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली इंडोनेशियाची खतावणी जणू नव्याने लिहून पाहिली. 1971 ते 1984 या काळात त्या देशाच्या उत्पादनाची वाढ वर्षाला सरासरी 7.1 टक्के दिसत होती. खनिज तेल, इमारती लाकूड आणि माती या तीनच बाबींतील घट वजा करताच ती 4 टक्क्यांच्या आसपास आली. उरलेले तीन टक्के खोटे नव्हते. पैसा खरोखरच हाती आला होता. फक्त ती कमाई नसून मोड होती.

आपल्याकडे पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने 2013 मध्ये अशा हिशेबाचा आराखडा सरकारला दिला, आणि 2018 पासून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पर्यावरणाच्या हिशेबाची प्रकाशने काढीत आहे. मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धती स्वीकारली. तीनुसार नैसर्गिक साधनांतील घट हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पादनातून वजा करावयाचा आहे. हे पाऊल मोठे आहे. मात्र वृत्तपत्रांत मथळा होतो तो स्थूल आकड्याचा, आणि या वजावटीचा स्थूल आकड्याला स्पर्शही होत नाही.

निसर्गाला किंमत लावली की तो बाजारात बसलाच, अशी भीती काहींना वाटते. ती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वनजमीन अन्य कामास वळविण्यासाठी हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर मान्य केले. हेतू संरक्षणाचा, परंतु एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आणखी एक खर्चाची बाब म्हणून सहज सामावते. तरीही ताळेबंदात मूल्य लिहिणे वेगळे आणि गिऱ्हाइकाला भाव सांगणे वेगळे. वडिलोपार्जित वाडा मालमत्तेच्या यादीत लिहिला, म्हणून कोणी तो विकावयास काढीत नाही. उलट, यादीत नसलेली वस्तू कधी गेली हे पुढच्या पिढीला कळतसुद्धा नाही.

गोव्याच्या लोहखनिजाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील 10 टक्के भाग पुढील पिढ्यांचा विचार करून एका कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. खनिज हे भांडवल आहे, ही गोष्ट येथे प्रत्यक्ष व्यवहारात मान्य झाली. दहा टक्के मला व्यक्तिशः कमी वाटतात. खोदाईचा खर्च आणि खोदणाऱ्याचा वाजवी नफा वजा जाता जे उरेल, ते सर्व निधीत जावयास हवे; कारण ते कोणा एका पिढीचे उत्पन्न नव्हेच. पण निदान रकाना उघडला गेला.

आमच्या नमुन्यात तो नव्हता. पाहणीचा अहवाल लिहावयास बसलो, तर छापील कागदावर यंत्रे, शेड, कच्चा माल, तयार विटा यांना जागा होती. खड्डा कोठे लिहावा ते सुचेना. अखेरीस ‘शेरा’ या सदराखाली लांबी, रुंदी व खोली फुटांत लिहिली आणि सही केली. तीन आठवड्यांनी वरिष्ठ कार्यालयाची विचारणा आली, खोलीचा कर्जाशी संबंध काय? उत्तरासोबत जोडण्यासाठी मळ्याचा सातबारा नव्याने मागविला. त्यावर क्षेत्र पूर्वीइतकेच होते, 60 आर, आणि जमिनीचा प्रकार बागायत.