दोन किल्ल्यांची तिजोरी

वाचकहो, परभणी, सेलू, जिंतूर येथील आपली अनेक मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या स्टार्टअप कंपन्यांत नोकरीस आहेत. काही घरांनी दुकानातील भांडवलही अशा उद्योगांत गुंतविले आहे. त्या सर्वांनी हाउसिंग डॉट कॉमचा इतिहास लक्षात ठेवावा.

२०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या तरुणांनी ही कंपनी स्थापन केली. नकाशावर घरे दाखविण्याची कल्पना उत्तम होती. डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले. पुढील पाच महिन्यांतच मुख्य कार्यकारी अधिकारी राहुल यादव यांनी संचालकांच्या बुद्धीला दूषण देणारे राजीनामापत्र लिहिले आणि नंतर क्षमा मागून ते मागे घेतले. त्यांनी स्वतःचे सर्व समभाग कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. म्हणजे दोष लोभाचा नव्हता, उणीव संयमाची होती. १ जुलै २०१५ रोजी संचालक मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली.

बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. प्रामाणिक माणसालाही तो नियम चुकत नाही. संगणक प्रणालीतही एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे असते. घाईपोटी ही पायरी गाळली आणि चूक दाखविणाऱ्याला गप्प केले, की दोष साचत जातात. ताळेबंदात ते फार उशिरा दिसतात.

म्हणून नोकरी स्वीकारताना वा भांडवल देताना पगार आणि नफा यांच्याआधी एक प्रश्न विचारावा : येथे मालकाला ‘नाही’ कोण म्हणू शकतो? उत्तरादाखल एकही नाव पुढे आले नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा.