शेवटची तपासणी घरी प्रथम व्हावी



पहाटे साडेचारला महाळुंग्याकडून निघोज्याकडे येणाऱ्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर कधी गेला आहात? कडेला कंटेनर ओळीने उभे असतात, कारखान्यांच्या दिव्यांचा पिवळा उजेड पसरलेला असतो आणि त्या उजेडात पंधरा-वीस मुले धावत असतात. कोणाच्या पायांत कापडी बूट, कोणी अनवाणी. एकजण मोबाइलवर सेकंद मोजत असतो. सहाच्या सुमारास कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या की ही मुले रस्ता सोडतात. ती सैन्यभरतीची तयारी करीत असतात.

‘आजच्या पिढीला देशासाठी काही करावेसे वाटते का?’ असा प्रश्न सभा-समारंभांतून वारंवार विचारला जातो. काही देशांत तो खरोखरच गंभीर झाला आहे. अमेरिकेच्या भूदलाला 2022 साली ठरविलेल्या उद्दिष्टापेक्षा सुमारे 15,000 सैनिक कमी मिळाले. तेथील संरक्षण खात्याच्या अभ्यासानुसार 17 ते 24 वयाच्या तरुणांपैकी 77 टक्के तरुण विशेष सवलत दिल्याखेरीज भरतीस पात्रच ठरत नाहीत. लठ्ठपणा, व्यसने, शारीरिक आणि मानसिक आजार ही त्यामागची मोठी कारणे आहेत. त्याच वर्षी तेथील लष्कराने, वजन वा गुण थोडे कमी पडणाऱ्या इच्छुकांसाठी प्रशिक्षणापूर्वीचा एक तयारीवर्ग सुरू केला.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम, निवृत्तिवेतन नाही. योजनेविरुद्ध अनेक राज्यांत निदर्शने झाली. तरीही त्या वर्षी एकट्या वायुदलाकडे सुमारे साडेसात लाख अर्ज आले. जागा होत्या तीन हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात तर अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी यांसारखी गावे आपल्या नावातच सैन्य मिरवितात. आपल्या खेड तालुक्याचे मुख्य गाव हुतात्मा राजगुरूंचे नाव धारण करते. येथे इच्छा कमी नाही. या इच्छेला साथ देईल असे शरीर आपण घरात घडवितो का, आणि ते शरीर कोणत्या सेवेस योग्य आहे हे वेळेवर जाणून घेतो का, हा माझ्यासारख्या कुटुंबवैद्यापुढचा प्रश्न आहे.

एका मुलाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी एक माता आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा एका लहानशा कारखान्यात ठेकेदाराकडे दुसऱ्या पाळीत कामाला होता. रात्री साडेअकराला सुटायचे, जेवून साडेबाराला झोपायचे आणि साडेचारला उठून धावायचे, असा त्याचा चार महिन्यांचा क्रम होता. उजव्या नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवले की तो कळवळत होता. आता वेदना बसल्या जागीही होऊ लागल्या होत्या. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आली होती आणि कोणाच्या तरी सल्ल्याने वेदनाशामक गोळ्या चालू होत्या.

नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा गेला असावा अशी शंका मला आली. पहिल्या काही आठवड्यांत असा तडा क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही; पण त्यावर धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. मी धावणे थांबविण्यास सांगितले. मुलगा गप्प राहिला. आई म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही म्हणता म्हणून थांबंल तो. पण याचं वरीस गेलं हो.”

पाय बरा झाला. पुढच्या वर्षी त्याने लेखी परीक्षा दिली, मैदानावर साडेपाच मिनिटांच्या आत धावला, आणि वैद्यकीय तपासणीत रंगांध म्हणून अपात्र ठरला. लष्करी रुग्णालयातील फेरतपासणीतही तोच निर्णय कायम राहिला.

मायलेक पुन्हा माझ्यासमोर बसले तेव्हा आईला एकाएकी आठवले, “लहानपणी मिरच्या तोडायला नेला की लाल-हिरव्या सगळ्या एकातच तोडायचा. आम्ही हसायचो.” मला मात्र हसता येईना. पहिल्या भेटीत मी त्याची नडगी तपासली, झोप विचारली, आहार विचारला. ठिपक्यांचे आकडे असलेले रंगदृष्टीचे पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होते. ते उघडायला पाच मिनिटेही लागली नसती. पायाकडे पाहता पाहता डोळे राहून गेले. ते त्याच दिवशी पाहिले असते तर त्याच्या आयुष्याचे एक वर्ष आणि घरचे बरेच पैसे वाचले असते. आजचा लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

क्रम उलटा करा

2023 पासून भूदलाच्या भरतीत प्रथम संगणकावरील लेखी परीक्षा, नंतर मैदानी चाचणी आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. हजारो उमेदवारांतून निवड करणाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे. परंतु आपल्या घरात एकच उमेदवार असतो. त्याच्यासाठी हा क्रम उलटा करावा: जी तपासणी तेथे शेवटी होते, ती घरी प्रथम व्हावी, आणि तीही भरतीच्या वर्षी नव्हे तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

डोळ्यांपासून आरंभ करा. दूरची दृष्टी आणि रंगदृष्टी दोन्ही तपासून घ्या. रंगांधत्व बहुधा जन्मजात असते आणि आईकडून मुलाकडे येते; म्हणून मामा किंवा आईचे वडील यांना तसा त्रास होता का, ते विचारावे. यात आईचा काही दोष नसतो. यावर उपचार नाही, पण पंधराव्या वर्षी कळले तर दुसऱ्या वाटा पुष्कळ मोकळ्या असतात.

नंतर कान. कानातील मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, काडीने कोरू नका. पडद्याला छिद्र असल्यास किंवा कान वाहत असल्यास वेळीच उपचार घ्या. आपल्या भागातील अनेक मुले शिकता शिकता प्रेसच्या आवाजात काम करतात. तेथे कानात बोळे घालणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

दात किडलेले असतील तर भरून घ्या. भरतीत दातांचेही गुण मोजले जातात. सपाट तळपाय, उभे राहिल्यावर एकमेकांना लागणारे गुडघे, पोटऱ्यांवरील फुगलेल्या शिरा, हर्निया, अंडवृद्धी, मूळव्याध हे दोष तरुण मुले संकोचाने सांगत नाहीत. यांपैकी अनेकांवर शस्त्रक्रियेने इलाज होतो. मात्र त्यानंतर शरीर सावरण्यास अवधी लागतो. मेळावा महिन्यावर आला असता तो अवधी कोठून आणणार? गोंदण्याविषयीही नियम आहेत. जत्रेत हौसेने हातावर काही गोंदवून घेण्यापूर्वी ते वाचावेत.

शेवटी रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयोगटातील 31 टक्के मुले आणि 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. आता लष्करी पोलीस दलात मुलींचीही भरती होते. तेव्हा हा आकडा मुलींच्या आईवडिलांनी विशेष लक्षात ठेवावा. रक्तच कमी असेल तर फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचणार कसा? मुलगा धापा टाकतो म्हणून त्याला आळशी ठरविण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहा.

मैदान आणि स्वयंपाकघर

1,600 मीटर अंतर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्यास पूर्ण 60 गुण मिळतात. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी सुमारे 82 सेकंदांत, आणि तशा सलग चार फेऱ्या. जाहिरात आल्यावर सुरू केलेल्या सरावाने हे सहसा साधत नाही. निदान सहा महिने हाताशी ठेवा. पहिले दोन महिने संथ धावावे, बोलता येईल इतपत. आठवड्याचे एकूण अंतर दर आठवड्याला दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये. वेगाचा सराव आठवड्यातून दोनच दिवस करावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी.

झोप हा सरावाचाच भाग आहे. दिवसभराच्या धावण्याने झिजलेले हाड आणि स्नायू झोपेत भरून येतात. चार तास झोपून धावणारा मुलगा जिद्दी खरा, पण त्याची हाडे कर्ज काढून धावत असतात. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याने पहाटेचा हट्ट सोडावा. सात तास झोपून सकाळी आठ-साडेआठला, ऊन चढण्यापूर्वी धावावे.

आहारासाठी डबाबंद भुकटीची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, रोज एक वाटी उसळ, चालत असल्यास दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, दूध, केळे आणि हिरवी भाजी एवढे नियमाने मिळाले तरी पाया पक्का होतो. जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. पहिल्याने लोह शरीरात अधिक शोषले जाते, दुसऱ्याने कमी. तंबाखू आणि मिश्री घरातूनच जावी. वडील चुना मळत ‘दम वाढव’ असे सांगत असतील तर मुलगा त्यातले नेमके काय ऐकेल?

आता धोक्याच्या दोन गोष्टी. ताकद वाढविणारी म्हणून मिळणारी इंजेक्शने हृदय, यकृत आणि प्रजननशक्ती यांना अपाय करतात; शिवाय अशी द्रव्ये घेतल्याचे आढळल्यास उमेदवार बाद होतो. दुसरा धोका उष्माघाताचा. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी 5 किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापले, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर थंड पाणी ओता आणि वारा घाला. शरीर थंड करणे आधी, रुग्णालयाची वाट त्यानंतर. धावताना ज्याला कधी भोवळ आली असेल, छातीत दुखले असेल किंवा ज्याच्या घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, त्याने हृदयाची तपासणी केल्याखेरीज मैदानावर उतरू नये.

निवड झाली नाही तर

हा भाग सर्वांत अवघड आहे. वयाची मर्यादा जवळ येऊ लागली की मुलाच्या बोलण्यातून हसू नाहीसे होते. नातेवाईक ‘काय झालं भरतीचं?’ असे चारचौघांत विचारतात. शेजारचा मुलगा लागलेला असतो. अशा वेळी मुलगा जेवणावर वासना ठेवीत नसेल, मित्र टाळत असेल, रात्र-रात्र जागत असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणत असेल, तर ते सहज म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला स्पष्ट विचारा. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

निवड झालेल्या मुलाच्या घरीही एक संभाषण राहून जाते. चार वर्षांनंतर पुष्कळसे अग्निवीर घरी परततील. तेव्हा त्यांचे वय विशी-पंचविशीतले असेल. त्या पुढील आयुष्याचा विचार, शिक्षणाची दुसरी वाट, हातातले कौशल्य, हे सारे जाण्यापूर्वीच बोलून ठेवले तर तेथे मन स्थिर राहते.

त्या मुलाविषयी आपण विचाराल. आता तो त्याच कारखान्यात आहे. मध्ये काही महिने त्याने धावणे सोडले होते. गेल्या महिन्यात खोकल्यासाठी आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, दहावीतला. खोकला सांगून झाल्यावर तो म्हणाला, “डॉक्टर, याचे आधी डोळे बघा.”

मी खण उघडून ते पुस्तक बाहेर काढले. धाकट्याने पानावरचा पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला आणि तिसऱ्या पानावर तो थबकला. थोरल्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, “बरं झालं, आत्ताच कळलं. आता याचं काय करायचं, ते बोलू.”

वाचकहो, आपल्या घरातही हे बोलणे दहावीच्या वर्षीच होऊ द्या.