हाडे केवळ कॅल्शियमने घडत नाहीत

मा. संपादक,


गेल्या अंकातील पत्रात हाडांचा ठिसूळपणा म्हणजे निव्वळ कॅल्शियमची कमतरता, असा निष्कर्ष काढला आहे. तो पुराव्यापुढे टिकत नाही. हाड घडवणाऱ्या पेशींवर एलआरपी-५ नावाचा रिसेप्टर असतो. हाड बांधण्याचा संदेश त्याच्यामार्फत पेशीत पोचतो. त्याचे जनुक आईवडील दोघांकडूनही निकामी आले, तर लहानपणीच हाडे मोडू लागतात, दृष्टीही जाते. हे २००१ मध्ये उलगडले. पुढच्याच वर्षी, याच जनुकातील वेगळ्या बदलामुळे विलक्षण दाट हाडे लाभलेली कुटुंबे सापडली. हा फरक आहाराचा नव्हे.

अशा दुर्मीळ कुटुंबांवरून सर्वसामान्यांबद्दल काय ठरवणार, असे कोणी म्हणेल. पण या रिसेप्टरला अडवणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन आपल्या सर्वांच्याच हाडांत तयार होते. त्याला रोखणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाची चाचणी पाळी थांबलेल्या ७,१८० स्त्रियांवर झाली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना दिले होते; तरीही औषध घेणाऱ्या गटात वर्षभरात मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स ७३ टक्क्यांनी कमी झाली. (औषध निर्धोक नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा इशारा त्यावर छापलेला असतो.) पत्रलेखकांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा त्यांनी दिलेलाच नाही: ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर निकामी असलेल्या मुलांचा मुडदूस शिरेवाटे भरपूर कॅल्शियम दिल्यावर बरा होऊ शकतो. मात्र त्यातून खनिजाची गरज सिद्ध होते, पुरेसेपणा नव्हे.

आपला,
एक वाचक